दिसतील अशी फुलं

३ जून

ठमे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. पत्र न वाचता फाडायचं असेल तर खुशाल फाड, मी दुसरं लिहीन. मी किती चिवट आहे ते तुला लहानपणापासून माहीत आहे.

मला निळी फुलं हवी आहेत. तुझ्या नर्सरीत होतात ती, गोळ्यागोळ्यांची, हायड्रेंजियाची. कशासाठी ते सरळच सांगते. तुझे भाऊजी आता फार दिवसांचे सोबती नाहीत. डॉक्टरांनी घरी पाठवलं आहे. शुद्ध पक्की आहे, बोलतात, चहा गार झाला तर माझ्यावर खेकसतात. पण अंगात काही उरलेलं नाही. परवा सकाळी मी दाढी करून देत होते, तर गालाला साबण तसाच ठेवून म्हणाले, "जाताना माझ्या अंगावर मला दिसतील अशी फुलं घाल. बाकी काही मागणं नाही."

आता हे वाक्य तुला कळायचं नाही, कारण जगात ते फक्त मला कळतं. तुला सांगू का म्हणून यांना विचारलं. छताकडे बघत म्हणाले, तिला सांग, तिचा हक्क आहे. म्हणून सांगते. यांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून. लाल गुलाबांचा गुच्छ पुढे धरला तर यांना नुसता पाला दिसतो. पिवळं दिसतं आणि निळं दिसतं, बाकी सगळा चिखल.

हसू नकोस. दोऱ्यांचं दुकान, अख्खं गाव ज्यांना 'नजरवाले' म्हणतं, लांबलांबून बायका कापडाचा तुकडा घेऊन येतात की नजरवाल्यांकडेच रंग जुळेल, त्या नजरवाल्यांची ही गत. नजर होती ती माझी. गिऱ्हाइकानं नमुन्याचा तुकडा दिला की हे तो बोटांत चोळायचे, पोत सांगायचे, कुठल्या जाडीचा दोरा लागेल ते सांगायचे. त्यात यांचा हात कुणी धरणार नाही. मग तुकडा माझ्याकडे द्यायचे आणि म्हणायचे, "दारात नेऊन बघ गं, दिव्यात रंग फसतो." मी दारात जायचे, उजेडात बघायचे आणि येऊन म्हणायचे, "डावीकडे, तिसरा खण." हे रीळ काढायचे, दोरा तर्जनीला दोन वेढे गुंडाळून तुकड्यावर धरायचे आणि मान हलवायचे. लोकांना वाटायचं, काय माणूस आहे, बायकोच्या नजरेवरसुद्धा विश्वास नाही, स्वतः खात्री करतो. आम्ही ही मूठ आयुष्यभर झाकून ठेवली, आणि झाकलेली होती म्हणूनच ती सव्वा लाखाची होती. लेकालासुद्धा माहीत नाही.

आता तुझ्या लग्नाचं. माझा लेक जन्मला आणि तुझं लग्न झालं ते एकाच आठवड्यात. मी दवाखान्यात. दुकानात नवा माल आला तो यांनी स्वतः खणांत लावला, आणि त्याच खणांतनं तुझ्या लग्नात नेसायच्या लाल कपड्याच्या काठासाठी रीळ काढून शिंप्याकडे पाठवलं. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. लालभडक कपड्याला पोपटाच्या पिसासारखी हिरवी शिवण. ऐन सकाळी घडी उघडली तेव्हा माणसं हसली, तू रडलीस. शिंप्याला विचारलं तर तो म्हणाला, नजरवाल्यांची निवड आहे, काहीतरी विचार असेलच, म्हणून मी शिवलं. आणि तू यांना विचारलंस तेव्हा हे म्हणाले, "हो, मीच दिला."

यांचा तुझ्या लग्नाला विरोध होता, नर्सरीवाल्याच्या घरी मुलगी चिखलात राबेल म्हणून चारचौघांत बोलले होते. तेव्हा तू धरून चाललीस की हा सूड. तू म्हणालीस ते बोलणं माझ्या कानात अजून आहे, आणि त्यानंतर तू उंबरा चढली नाहीस. यांना तेव्हा दोनच वाटा होत्या, खुनशी ठरायचं नाहीतर रंगांधळा. खुनशी माणसाचं दोऱ्याचं दुकान चालतं.

मी माफी वगैरे मागायला बसलेली नाही. मला शब्द दिलेला पाळायचा होता, पाळला. आता मला फुलं हवी आहेत. पिवळी शेवंती इथे ढिगाने मिळते. निळं मिळत नाही. मागे माहेरी भेटलो तेव्हा तू दिलेलं ते झाड माझ्या अंगणात अजून आहे, पण आमच्या मातीत त्याला गुलाबी फुलं येतात, आणि गुलाबी म्हणजे यांच्या डोळ्यांना राख. निळं फूल तुझ्याच मातीत होतं. जांभळं असलं तरी चालेल, यांना ते निळंच दिसतं.

कळव. आणि हे कुणाला सांगायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

ताई


११ जून

ठमे,

तुझं उत्तर मिळालं. एवढ्या लांबलचक पत्राला एक ओळ. "मेलेल्या माणसाला कुठले रंग दिसतात?" खाली सही पण नाही. मी वाचलं आणि सरळ भांडी घासायला गेले. कढईचा तळ आरशासारखा झाला.

तुझ्या उत्तराकडे नंतर येते. आधी इथलं ऐक, म्हणजे मी कुठल्या तोंडाने तुझ्याकडे मागते आहे ते कळेल.

लेकाला आणि सूनबाईला मी जेवताना सांगून टाकलं की बाबांसाठी पिवळी आणि निळी फुलं आणायची, आत्ताच ठरवून ठेवू. सूनबाई घास हातात धरून तशीच राहिली. माणूस आत झोपलाय आणि सासूबाई फुलांचे रंग ठरवतायत, हे तिच्या पचनी पडलं नाही. तिचं चूक नाही. ती मायाळू पोरगी आहे, यांचे पाय मी सांगायच्या आधी चेपत बसते. पण लेक माझ्यावर गेलाय. तो म्हणाला, सगळी पांढरी आणायची, पांढरं शोभतं, दुकानदार लोक येतील, चार मोठी माणसं येतील. निळं-पिवळं म्हणजे पेट्रोल पंपाचं उद्घाटन वाटेल.

मी म्हटलं, वाटू दे.

तो म्हणाला, कारण सांग.

कारण मला सांगता येत नाही, इथेच तर सगळं अडतं. मी म्हटलं, तुझ्या बाबांची इच्छा आहे. तो लगेच उठून आत गेला आणि यांना विचारलं. हे काय बोलणार? बोलले असते तर पुढचा प्रश्न 'का' असाच आला असता. यांनी डोळे मिटून घेतले. लेक बाहेर येऊन म्हणाला, आई, तू बाबांच्या तोंडी आपलं घालू नकोस. असा राग आला मला, की उचलली जीभ लावली टाळ्याला असं म्हणून उठले. नंतर वाईट वाटलं, कारण त्याच्या जागी मी असते तर हेच बोलले असते.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे गेले. तिला म्हटलं, निळं काय आहे? ती म्हणाली, निळं निसर्गात नसतंच मावशी, आम्ही करतो. आणि पांढरी फुलं रंगाच्या पाण्यात उभी करून ठेवलेली दाखवली. दोन आणली पिशवीत लपवून. आमच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि यांच्यापुढे परीक्षेला मांडली. तिच्याकडची इतरही एकेक आणली होती. लाल धरलं, म्हणाले पाला. नारिंगी धरलं, म्हणाले पिवळं, चालेल. गुलाबी धरलं तर मलाच विचारलं, हे वाळलंय का गं? मग ते रंगवलेलं निळं धरलं. यांनी हात पुढे केला. बघ, दहा दिवसांत पाण्याच्या पेल्यासाठीसुद्धा हात आपणहून उचलला नव्हता. फूल घेतलं, पाकळी बोटांत चोळली, जन्माची सवय. बोटं निळी झाली. चादरीला डाग पडला.

"कच्चा रंग," म्हणाले आणि फूल परत दिलं.

ज्या माणसानं आयुष्यभर एका बाईला कच्च्या रंगाचा दोरा विकला नाही, त्याला मी रंगवलेल्या फुलांत पाठवायची का? नाही पाठवणार. ती फुलं मी फुलवालीला परत नेऊन दिली आणि चादर भिजत टाकली.

आता तुझी ओळ. मेलेल्या माणसाला कुठले रंग दिसतात. ठमे, तू हे मला टोचायला लिहिलंस. टोचलं. दोन दिवस मी मनातल्या मनात तुला उत्तरं देत होते आणि एकाहून एक झणझणीत होती. पण आज सकाळी चादरीवरचा डाग घासताना मला कळलं की तू अगदी बरोबर बोलली आहेस. नाही दिसत. एकही रंग दिसत नाही.

तर मग मेल्यावर कशाला? आत्ताच पाठव. उद्या, परवा, जेव्हा गाडी इकडे निघेल तेव्हा. जिवंत माणसासाठी पाठव. यांना बघू दे, आणि नंतर तीच अंगावर घालू. लेकाला काय सांगायचं ते मी बघते, तेवढं डोकं मला आहे. तू माझ्यावर उपकार करू नकोस, यांच्यावरही करू नकोस. तुझ्याकडे फूल आहे, माझ्याकडे बघणारा माणूस आहे, आणि तो थोडेच दिवस आहे. एवढाच हिशेब.

उत्तर नको. फुलं पाठव.

ताई


१९ जून

ठमे,

आली.

तुझ्या टेम्पोवाल्यानं बेल वाजवली तेव्हा लेक दुकानात होता आणि सूनबाई अंघोळीला. बादल्याच बादल्या. मला वाटलं होतं, एखादी टोपली पाठवशील तोंडदेखली. अगं, बाग उचलून पाठवलीस की काय? टेम्पोवाल्यानं आणि मी मिळून सगळ्या बादल्या खोलीत नेल्या. खिडकीत, कपाटावर, खुर्चीवर, पलंगाच्या दोन्ही अंगांना. हे झोपले होते. शेवंती मी कालच आणून ठेवली होती, ती मध्येमध्ये खोचली. मग पडदा सरकवला आणि खुर्चीतली बादली खाली ठेवून तिथे बसले.

हे जागे झाले. डावीकडून उजवीकडे बघितलं, मग उजवीकडून डावीकडे. दुकानात नवा माल आला की बघायचे तसं, एकेका खणावर थांबत. मी बसून यांचा चेहरा बघत होते. इतकी वर्षं मी यांना रंग सांगत आले, पण यांना रंग दिसताना कधी बघितलंच नव्हतं, ठमे. मी नेहमी दाराकडे तोंड करून उभी असायचे ना.

मग म्हणाले, "यातलं काही मला विचारावं लागत नाहीये तुला." आणि हसले. मी रडले. सरळ रडले, लपवण्यासारखं काय आहे त्यात.

सूनबाई अंघोळ करून दारात आली आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, केवढं छान दिसतंय, बाबांना किती आवडलंय बघा. बस, तिनं कारण विचारलंच नाही. कारण दिसत होतं तिला.

आणि फुलांच्या जुडग्यांना बांधलेला तो दोरा. मला वाटलं, जुडगे कशाने तरी बांधायचे म्हणून बांधलेस. मग हातात घेतला. तिपदरी केलेला, हिरवा, आणि सगळा बारीक बारीक वळ्यांचा. नव्या रिळाचा दोरा सरळ असतो. शिवणीतून उसवलेला दोरा असा वळ्यांचा असतो, कितीही ताणला तरी टाक्यांची खूण जात नाही. हे मला कुणी सांगायला नको. तो कपडा तू अजून ठेवला होतास तर. आणि बसून काठ उसवलास.

मी तो दोरा यांच्या हातात दिला. यांनी बोटांत चोळला, वळ्या हाताला लागल्या आणि यांना कळलं. रंगावरून नाही, बोटांवरून. विचारलं, "कुठला गं हा?"

मी यांच्याशी बाकी पुष्कळ बाबतींत खोटं बोलले आहे. साखर कमी घातलीय सांगून पुरती घातली आहे, माहेरी गेले नाही सांगून जाऊन आले आहे. पण रंगाच्या बाबतीत एकदाही नाही. तेव्हा सांगितलं, "हिरवा. तोच."

यांनी तो तर्जनीला दोन वेढे गुंडाळला, उजेडात धरला आणि म्हणाले, "मला तर अजून लालच वाटतो." आणि इतके हसले की ठसका लागला आणि मला पाठ चोळत बसावं लागलं. मग दमले. झोपताना म्हणाले, ठमीला सांग, कपडा सुंदर होता, दोरा माझा चुकला. हे शब्द त्यांचेच आहेत, मी मीठमसाला लावलेला नाही.

फुलांना रोज पाणी बदलते आहे.

ताई


२ जुलै

ठमे,

तुला निरोप मिळाला होता, आणि दरडीमुळे रस्ता बंद होता हेही मला टेम्पोवाल्यानं सांगितलं. तेव्हा आली नाहीस म्हणून मी काही धरून बसलेले नाही. पण तुझ्या फुलांचं काय झालं ते तुला कळायला हवं.

सकाळी गेले, चहाच्या आधी. त्रास नाही झाला. डोळे खिडकीकडे होते. मी मिटले.

लेकानं फुलवालीला फोन केला होता. तासाभरात पांढरी फुलं आली, हारच्या हार, आणि बाहेरच्या खोलीत माणसं जमायला लागली. मी आतून तुझी फुलं आणायला लागले. काही माना टाकायला लागली होती, पण रंग तसाच होता, पक्का. लेक दारात आडवा आला. रडून डोळे सुजलेले, आवाज बसलेला. म्हणाला, आई, आज नको. आज तरी लोकांसमोर नको. बाबांना शोभेल असं जाऊ दे.

मी बादली खाली ठेवली नाही. जड होती, हात भरून आले होते. म्हटलं, बाजूला हो.

तो म्हणाला, "एक कारण सांग. एकच. मी स्वतः घालतो."

ठमे, माझ्या जिभेवर आलं होतं. सगळं सांगून मोकळं व्हावं. माझाच लेक, यांचंच रक्त, आणि यांना आता काय फरक पडतो? तूच म्हणाली होतीस ना, मेलेल्याला रंग दिसत नाहीत. पण बाहेर गाव बसलं होतं नजरवाल्यांना निरोप द्यायला. मी तोंड मिटलं आणि तशीच उभी राहिले. तोही उभा. माणसं आमच्याकडे बघायला लागली.

तेवढ्यात शिंपी आला. तोच, तुझ्या लग्नाचा. आता काठी टेकत येतो, नातवाला धरून. यांच्याजवळ गेला, पाया पडला, मग वळून माझ्या हातातल्या बादलीकडे बघितलं. निळं आणि पिवळं. जमलेल्यांपैकी कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, हे असले रंग कुणी काढले?

शिंपी म्हणाला, "नजरवाल्यांनी काढले असतील. त्यांची निवड आहे, काहीतरी विचार असेलच."

तेच वाक्य. अक्षर न अक्षर तेच. तेव्हा याच वाक्यानं तुझं लग्न बिघडलं होतं. आज त्याच वाक्यानं सगळी खोली गप्प झाली. दोनचार माना डोलल्या. कापडवाला म्हणाला, बघा ना, पांढऱ्यापेक्षा कसं उठून दिसतंय. दुसरा म्हणाला, शेवटपर्यंत नजर होती माणसाला. लेकानं माझ्या हातातली बादली घेतली. पांढरे हार स्वतः उचलून अंगणात नेऊन ठेवले आणि तुझी फुलं एकेक करून बाबांच्या अंगावर मांडली. दोन निळी, एक पिवळं, दोन निळी, एक पिवळं. मांडणी चांगली केली त्यानं. हात बापाचा आहे.

निघायच्या आधी मी यांच्या तर्जनीला तो हिरवा दोरा दोन वेढे गुंडाळला. लेकानं बघितलं. विचारलं, हे काय?

मी म्हटलं, "गिऱ्हाइकाचा नमुना आहे. जुळवायचा राहिला होता."

तो दोरा यांच्याबरोबरच गेला.

दुकान सोमवारी उघडलं. लेक गल्ल्यावर बसला. एक बाई तुकडा घेऊन आली, लेकानं घेतला, बोटांत चोळला आणि सवयीनं माझ्याकडे केला. त्याला स्वतःला सगळे रंग धडधडीत दिसतात, पण लहानपणापासून तेच बघितलंय त्यानं. मीही घेतला आणि दारात गेले.

आता तुझं. तुझ्या त्या कपड्याचा काठ उसवलेला आहे. तसा ठेवू नकोस, कापडाचे धागे निघतात आणि मग कुणाच्या बापाला सांधता येत नाही. रस्ता सुरू झाला की कपडा घेऊन ये. उंबरा तुझी वाट बघत बसलेला नाही, पण मी बसले आहे. शिंप्याला आता सुईत दोरा ओवता येत नाही, मी शिवेन. लाल रीळ काढून ठेवलं आहे, माझ्या उशाशी आहे. खणातून काढलं, तुझा कपडा आठवला, आणि दारात नेऊन उजेडात नीट बघून घेतलं.

ताई